काळ्या टपालाचा बटवडा

माझी शुगर नेमकी किती आहे, हे जगात चौघांनाच ठाऊक आहे. डॉक्टर, बायको, सूनबाई आणि कोपऱ्यावरचा जिलेबीवाला. डॉक्टर आकडा सांगतात. बायको तो ऐकून सुस्कारा टाकते. सूनबाई तो फ्रिजवरच्या तक्त्यात लाल पेनाने भरते. त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात तिच्या सासूबाईंचं ब्लडप्रेशरही असतं, त्यामुळे तक्त्यापुढे उभं राहिलं की दोन आरोपींचा फोटो बघितल्यासारखं वाटतं. जिलेबीवाला मात्र तराजूला हात लावण्याआधी विचारून घेतो, "आबा, या खेपेला दोनशेच्या आत आलात ना? मग घ्या एक कडं जास्त." माणूस मनाने चांगला आहे.

गेल्या दिवाळीनंतर या गुप्त मंडळात पाचवा सभासद दाखल झाला. माझा नातू. वय वर्षं सात. नाव मुद्दामच सांगत नाही, कारण नाव छापून आल्याचे तो वेगळे पैसे लावील. त्याला संध्याकाळी बागेत झोपाळ्यावर नेण्याचं काम माझ्याकडे आहे. घर आणि बाग यांच्या मधोमध जिलेबीची कढई येते, यात माझा काही दोष नाही. शहराची आखणी मी केलेली नाही.

त्या दिवशी परत येताना पोरगं जिन्यात थांबलं, मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणालं, "आबा, तुझ्या मिशीला पाक लागलाय."

मी मिशी पुसली.

"अजून आहे." मग जरा विचार करून, "आजीला सांगू?"

आवाजात धमकी अजिबात नव्हती. एस.टी.चा कंडक्टर "कुठं जायचं?" विचारतो, तितकी साधी चौकशी होती. मी निमूटपणे पाच रुपये काढले. त्याने ते खिशात टाकले, गळ्यातली पाण्याची बाटली उघडली, रुमालाचं टोक भिजवलं आणि माझी मिशी दोन्ही बाजूंनी लखलखीत पुसून दिली. नुसते पैसे घेऊन गेला असता तर मी त्याला लबाड म्हटलं असतं. पण त्याने पैसे घेऊन सेवा दिली होती. हा मुद्दा पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच नोंदवून ठेवतो.

दोन महिन्यांत पाचाचे दहा झाले. आणि एके दिवशी त्याच दहा रुपयांच्या चॉकलेटचा कागद सोडवता सोडवता त्याने मलाच विचारलं, "आबा, टीव्हीतला तो काका म्हणाला, तू मला ब्लॅकमेल करतोयस. ब्लॅकमेल म्हणजे काय रे?"

प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला होता, असं मला वाटलं नाही. उलट प्रश्न थेट खातेप्रमुखाकडे आला, असं वाटलं. माझी छत्तीस वर्षं टपाल खात्यात गेली आहेत. मेल या शब्दावर माझ्याइतका हक्क सांगणारा माणूस आमच्या गल्लीत दुसरा नाही. थैल्या फोडल्या, लाख लावली, शिक्के मारले, सॉर्टिंगच्या खणांत पत्रं भिरकावली. पंजाब मेल, मद्रास मेल या गाड्यांना मेल का म्हणायचे, हे प्रवाशांना ठाऊक नसेल, पण त्यांच्या टपालाच्या डब्यातल्या थैल्यांना ठाऊक होतं. तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "ब्लॅकमेल म्हणजे काळं टपाल."

"काळं म्हणजे?"

इथे मी जरा अडखळलो. कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड आठवलं. ते दारात पडलं की वाचण्याआधीच घरातल्या बायका रडायला लागायच्या, पण त्यात कुणी पैसे मागत नसे. मग आठवलं नॉटपेड पत्र. पाठवणारा तिकीट न लावता पेटीत टाकून मोकळा, आणि घेणाऱ्याकडून पोस्टमन दुप्पट पैसे वसूल करणार. मजकूर बहुतेक वेळा असा की फुकट मिळाला तरी नको. मी म्हटलं, "पाठवणारा मजेत, घेणाऱ्याच्या खिशाला चाट, ते काळं टपाल." नातवाचं समाधान झालं. माझं झालं नाही. रात्री मी मोठा इंग्रजी कोश काढून बसलो आणि छत्तीस वर्षांचा अभिमान दहा मिनिटांत मोडीत निघाला.

ब्लॅकमेलमधल्या मेलचा टपालाशी काडीचा संबंध नाही.

इंग्रजीत मेल नावाचे तीन भाऊ आहेत आणि तिघांचे बाप वेगळे. एक मेल म्हणजे चिलखत, कड्यांत कडी अडकवून विणलेलं. ते लॅटिनच्या माक्युलावरून आलं. माक्युला म्हणजे डाग किंवा जाळ्याचं छिद्र. दुसरं मेल आमचं. ते जुन्या फ्रेंच भाषेतल्या पिशवीवरून आलं. आधी पिशवीला मेल म्हणायचे, मग पिशवीतल्या पत्रांना म्हणायला लागले. म्हणजे आम्ही आयुष्यभर थैलीवर थैलीचं नाव लिहीत होतो. तिसरं मेल स्कॉटलंडचं. त्याचा अर्थ भाडं, सारा, जमिनीचा खंड. गुरं चारायच्या कुरणाचं भाडं असेल तर ग्रासमेल. हा शब्द उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या बोलीतून आला आणि तिथे त्याचा मूळ अर्थ होता बोलणं. बोलणं म्हणजे बोलून ठरवलेलं, करार.

हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. कारण हे सगळं आपण मराठीत रोज करतो. आपल्याकडे बोली म्हणजे भाषा आणि बोली म्हणजे ठरलेली अटही. "परत करायच्या बोलीवर दिले होते," असं म्हणून कित्येक घरांतल्या पितळी पातेल्यांची भांडणं आजही चालू आहेत. शेत दुसऱ्याला कसायला दिलं की वर्षाचा जो आकडा ठरतो, तो खंड. आणि त्याच खंडाची थोरली बहीण खंडणी. म्हणजे कोकणातल्या आगरावर आणि स्कॉटलंडच्या माळावर, दोन्ही ठिकाणी प्रवास एकच झाला. आधी सरळ भाडं, मग ज्याचं काही देणं लागत नाही अशा माणसाला द्यावं लागणारं भाडं. आज खंडणी हा शब्द ऐकून कुणालाही शेत आठवत नाही. फोन आठवतो.

राहिलं काळं. चांदीच्या नाण्यांत दिलेल्या साऱ्याला तिकडे पांढरा म्हणत आणि गुरं, धान्य अशा जिनसांत दिलेला तो काळा, असं काहींचं म्हणणं. दुसरे म्हणतात, छे, काळा म्हणजे सरळ वाईट, काळ्या कृत्यातला काळा. मी पहिल्या पक्षाचा. रोकड नसेल तर गाय चालेल, असं म्हणणारा खंडणीखोर निदान समजूतदार वाटतो.

या काळ्या भाड्याचं माहेर म्हणजे इंग्लंड आणि स्कॉटलंडमधली सरहद्द. सोळाव्या शतकात ही दोन राज्यं सख्ख्या भावांसारखी भांडत होती, आणि मधल्या डोंगराळ पट्ट्यात राहणाऱ्यांची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या एकच धंदा करत होती. रात्री घोड्यावर बसायचं, पलीकडच्या गावातली गुरं हाकत आणायची, आणि उजाडायच्या आत घरी येऊन झोपायचं. यांना म्हणायचे रीव्हर. आर्मस्ट्राँग, एलियट, ग्रॅहम, निक्सन, स्कॉट, केर ही त्यांतली नामांकित घराणी. ते देशाभिमानी नव्हते. इंग्लंडचे रीव्हर इंग्लंडमध्येही चोरी करत आणि स्कॉटलंडचे आपल्याच शेजाऱ्याला लुटत. जिथे गाय दिसेल ती सरहद्द.

आता अशा मुलखात शेतकऱ्याने काय करावं? राजा लांब. कारभार बघायला सहा अंमलदार, सरहद्दीच्या अलीकडे तीन आणि पलीकडे तीन. त्यांतले काही रीव्हरांचे पाहुणे, तर काही स्वतःच त्या धंद्यातले. तेव्हा शेतकरी सगळ्यात दांडग्या घराण्याकडे जाई आणि बोली करी. वर्षाला इतकं काळं भाडं घ्या आणि आमची गुरं सोडा. दांडगे नुसती गुरं सोडत नसत. दुसऱ्या कुणी गुरं नेली तर ती परत आणून देण्याची जबाबदारीही घेत. मिशी पुसून द्यायचे, थोडक्यात. विम्याची कंपनी आणि चोर एकाच घरात असले की दावा किती झटपट निकालात निघतो, याचं हे उत्तम उदाहरण.

या मंडळींच्या कथा मोठ्या गोड आहेत. हार्डनच्या म्हाताऱ्या वॉट स्कॉटची बायको, म्हणे, घरातलं मटण संपलं की बोलत नसे, भांडत नसे. जेवणाच्या वेळी झाकलेलं ताट पुढे ठेवायची. झाकण काढलं की आत घोड्याला टाच मारायचे काटे. समजायचं ते समजून नवरा ताटावरून उठे आणि घोड्यावर बसे. आमच्याकडे याच निरोपासाठी रिकामा डबा ओट्यावर आपटतात. पुढे याच वॉटच्या वंशात सर वॉल्टर स्कॉट जन्मला आणि त्याने १८१४ साली 'वेव्हर्ली' कादंबरीत ब्लॅकमेल म्हणजे काय, हे भोळ्या इंग्रज नायकाला फोड करून सांगितलं. त्या कादंबरीतला एक सरदार स्वाभिमानाने खंडणी बंद करतो आणि लगेच त्याच्या गायी जातात. स्वाभिमानाचं दूध कुणी काढत नाही.

चोर पकडायचीही तिथे रीत होती. गुरं गेली की सहा दिवसांच्या आत पाठलाग करायचा कायदेशीर हक्क. भाल्याच्या टोकाला जळतं ढेकूळ लावून, कुत्री घेऊन, आरडाओरडा करत निघायचं, आणि वाटेत जो भेटेल त्याने हातातलं काम टाकून सामील व्हायचं. नाही झाला तर तोही चोरांतला. म्हणजे खंडणीची सक्ती एकीकडून आणि चोर पकडायची सक्ती दुसरीकडून. गरीब माणसाला मधे फक्त धाप लागायची.

तलवारीने काम होईना तेव्हा धर्माने तोंड उघडलं. १५२५ साली ग्लासगोचे आर्चबिशप गॅव्हिन डनबार यांनी रीव्हरांना शाप दिला. साधासुधा नव्हे. हजारावर शब्दांचा. डोक्यापासून सुरुवात करून केस, मेंदू, तोंड, जीभ, दात असं करत तळपायापर्यंत. मग बायकापोरं, नोकरचाकर, पिकं, मेंढ्या, घोडे, डुकरं, हंस, कोंबड्या. मग स्वयंपाकघर, तबेला, परसातले कोबीचे वाफे, नांगर आणि कुळवसुद्धा. आमच्याकडे नळावर ऐकलेले शाप फार तर सात पिढ्यांपर्यंत जातात. कोबीपर्यंत कुणी गेलेलं मला आठवत नाही. रीव्हरांवर त्याचा परिणाम काही झाला नाही.

परिणाम झाला तो पावणेपाचशे वर्षांनी आणि भलत्याचवर. सरहद्दीवरच्या कार्लाइल शहरात २००१ साली गॉर्डन यंग नावाच्या कलाकाराने चौदा टनांच्या ग्रॅनाइटच्या दगडावर या शापातले ३८३ शब्द कोरून तो भुयारी वाटेत बसवला. त्याच वर्षी त्या मुलखात जनावरांना लाळ-खुरकुताची साथ आली. २००४ साली गावचा फुटबॉल संघ वरच्या लीगमधून खाली घसरला. जानेवारी २००५ मध्ये पूर आला. तेव्हा एका नगरसेवकाने दगड हलवा असा ठराव मांडला. ठराव पडला आणि दगड राहिला. फुटबॉलच्या संघासाठी इतकी शास्त्रशुद्ध सबब मी दुसरी ऐकलेली नाही.

या सगळ्यात मला खरा आवडला तो १६०१ सालचा कायदा. एलिझाबेथ राणीच्या पार्लमेंटने उत्तरेकडच्या चार परगण्यांसाठी तो केला. ब्लॅकमेल घेणाऱ्याला देहदंड, यात नवल नाही. पण ब्लॅकमेल देणाऱ्यालाही देहदंड! मी तो मजकूर दोनदा वाचला आणि नकळत हात मिशीकडे गेला. राणीच्या वकिलांचं म्हणणं बरोबर होतं. खंडणी हा एकट्याने करायचा गुन्हा नाही. टाळी आणि खंडणी, दोन्हीला दोन हात लागतात. देणारा नुसता बळी नसतो. त्याने बोली केलेली असते, ती त्याला परवडलेली असते, आणि गुरं घरी असल्याचं सुख त्याने रोज रात्री भोगलेलं असतं. मी पाच रुपये दिले तेव्हा नातवाला घाबरलो होतो, हे खरं नाही. मी उद्याची जिलेबी विकत घेत होतो.

दोनच वर्षांनी, १६०३ मध्ये, स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला आणि सरहद्दच संपली. दोन घरांतलं भांडण मिटलं की मधल्यामधे जगणाऱ्यांची पंचाईत होते. जेम्सने रीव्हरांना लटकावलं, हाकललं, मोडून काढलं. पण आडनावं मरत नाहीत. जुलै १९६९ मध्ये चंद्रावरून एक आर्मस्ट्राँग फोनवर बोलला, तेव्हा पृथ्वीवरून बोलणारा राष्ट्राध्यक्ष निक्सन होता. चारशे वर्षांपूर्वी ही दोन आडनावं रात्रीच्या चांदण्यात इतकं बोलली असती, तर खालच्या गावांनी गोठ्यांना कुलपं घातली असती. १९७२ साली नील आर्मस्ट्राँग स्कॉटलंडमधल्या लँगहोम या आपल्या पूर्वजांच्या गावी गेला. गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. त्या समारंभात, गावात सापडेल त्या आर्मस्ट्राँगला फाशी द्यावी असा जुना कायदाही गमतीने वाचून दाखवला, असं सांगतात. सत्काराला गेलं की आधी विषयपत्रिका बघावी, ती यासाठी.

धंदा मात्र थांबला नाही, तो उत्तरेला डोंगरांत सरकला. तिथे रॉब रॉय मॅकग्रेगर हा अठराव्या शतकातला नामांकित खंडणीदार. त्याच्या माणसांना पहारा म्हणत. पैसे द्या, गुरं सांभाळतो. हे पहारे मोडण्यासाठी सरकारने १७२५ पासून स्वतःचे पहारे नेमले आणि त्यांतूनच पुढे ब्लॅक वॉच ही पलटण उभी राहिली. सरकारने खाजगी धंदा ताब्यात घेतला की त्याला खातं म्हणतात.

एवढं वाचून झाल्यावर आपल्या घराकडे बघणं भाग होतं. १८८६ साली हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा हिंदुस्थानी-इंग्रजी शब्दांचा कोश निघाला. त्यात मी चौथ शब्द शोधला. अर्थ दिला होता, मराठ्यांनी वसूल केलेलं ब्लॅकमेल. माझं रक्त तापलं. आमच्या चौथाईला ब्लॅकमेल म्हणतोस? मग यूलसाहेबाचं जन्मगाव बघितलं. एडिंबराजवळचं. स्कॉटलंड! म्हणजे साहेबाने शिवी दिली नव्हती. परदेशात काहीतरी ओळखीचं दिसलं आणि त्याला गावाकडची आठवण आली.

आणि खरं सांगायचं तर साम्य आहे. चौथाई मराठ्यांनी शोधून काढलेली नाही. दमणचे पोर्तुगीज ती रामनगरच्या कोळी राजाला आधीपासून देत होते. १६७२ मध्ये शिवाजी महाराजांनी रामनगर घेतलं आणि मग ती चौथ आपल्याला द्या, असं पोर्तुगीजांना कळवलं. जुनं भाडं, नवा मालक. पुढे १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परत आले ते दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन. शिक्क्यामोर्तबासह. चौथाईच्या बदल्यात बादशहाच्या चाकरीला पंधरा हजार घोडदळ ठेवायची अट होती. म्हणजे इथेही पैसे आणि सेवा. स्कॉटलंडमध्ये ज्याला काळं भाडं म्हणत, ते आपण कागदोपत्री पांढरं करून घेतलं. हिशेबी माणसं आपण. तिकडे कलकत्त्याच्या इंग्रजांनी १७४२ मध्ये मराठ्यांच्या धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे तिथवर आलेच नाहीत आणि खंदक अर्धाच राहिला. न येता खणायला लावणं, यालाही कसब लागतं.

पण गुरं, घोडे, सनदा हे झालं बाहेरचं. आज घरोघर जे चालतं, त्याला मंडळी म्हणतात इमोशनल ब्लॅकमेल. १९९७ साली अमेरिकेत सुझन फॉरवर्ड या बाईंनी याच नावाचं पुस्तक लिहिलं आणि जगाला कळलं की जवळची माणसं भीती, कर्तव्य आणि अपराधीपणा यांच्या जोरावर हवं ते करून घेतात. आपल्याकडे हे आधी कळलं नव्हतं असं नाही. आपल्याकडे त्याला नाव होतं. त्रागा.

आज त्रागा म्हणजे नुसती आदळआपट. जुना त्रागा फार भारी होता. समोरच्याने ऐकावं म्हणून स्वतःलाच इजा करून घ्यायची आणि पाप त्याच्या माथी मारायचं. गुजरात-काठियावाडकडचे भाट आणि चारण इतरांच्या करारांना जामीन राहत. समोरचा शब्दाला फिरला की ते स्वतःच्या अंगावर शस्त्र चालवत. त्याचाच मवाळ भाऊ म्हणजे धरणं. सावकार ऋणकोच्या दारात उपाशी बसे आणि तो बसलेला असेतो आतल्यांच्याही घशाखाली घास उतरत नसे. इंग्रजांना हे इतकं विलक्षण वाटलं की १८६० च्या दंडसंहितेत त्यांनी यासाठी खास कलम घातलं. ५०८. अमुक केलं नाहीस तर तुझ्यावर देवाचा कोप होईल, असं भासवून माणसाला काही करायला लावलं तर एक वर्षापर्यंत कैद. खाली उदाहरणं दिली आहेत. एकात दारात धरणं धरून बसलेला माणूस आहे. नव्या न्यायसंहितेत हेच कलम ३५४ झालं आहे, उदाहरणांसकट. माझी आई हयात असती तर मी तिला ते वाचून दाखवलं असतं. "तू गणपतीला आला नाहीस तर देव बघून घेईल" हे वाक्य तिने मला चाळीस वर्षं दरवर्षी म्हटलं. तिच्या नावावर चाळीस वर्षांची कैद निघते. आणि १६०१ च्या हिशेबाने, दरवर्षी निमूटपणे गणपतीला जाणाऱ्या माझ्या नावावर फाशी.

हे सगळं वाचून माझा निश्चय झाला. देणाराही गुन्हेगार असेल, तर गुन्हा कबूल करून मोकळं व्हायचं. उद्याच बायकोला जिलेबी सांगून टाकायची. त्याच रात्री अकराच्या सुमारास पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघरात दिवा नव्हता, पण फ्रिजचं दार उघडं होतं आणि त्याच्या उजेडात बायको उभी होती. एका हातात लोणच्याची बरणी, दुसऱ्या हाताच्या बोटांत कैरीची फोड. तिचं मीठ बंद करून दीड वर्ष झालंय. तक्त्यात तिच्या रकान्यापुढे लोणचं या शब्दावर सूनबाईंनी दोन फुल्या मारल्या आहेत. इंग्रज याला लाल हातांनी पकडणं म्हणतात आणि तो शब्दप्रयोगही स्कॉटलंडच्याच कायद्यातला आहे. तिचा हात खरोखरच लाल होता, तिखटाने.

"अहो, हळू," ती कुजबुजली. "पोर जागं होईल."

"होऊ दे की."

"नको. रात्रीचे पंधरा घेतो."

मी खुर्चीवर बसलो. "तुझ्याकडूनही?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मग फोड बशीत ठेवली. "तुमच्याकडून जिलेबीचे ना? ठाऊक आहे मला."

"त्याने सांगितलं?"

"छे, तो शब्दाचा पक्का आहे. तुमची मिशी सांगते. लग्नाला अडतीस वर्षं झाली, इतक्या स्वच्छ मिशीने तुम्ही कधी घरी आला नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही माझ्यावर पाळत ठेवली असती. मग ही बरणी कुठे ठेवायची?"

सरहद्दीच्या दोन्ही बाजूंनी! सात वर्षांचा आर्मस्ट्राँग, संध्याकाळी जिन्यात आणि रात्री फ्रिजपाशी, दोन्ही राज्यांत बिनबोभाट वसुली करत होता. आम्ही दोघं बराच वेळ आवाज न करता हसलो. मग मी तिला राजा जेम्सची हकिकत सांगितली. दोन मुकुट एक झाले की मधला धंदा बसतो. तिला ती पटली. अर्धी फोड मला मिळाली. उद्या जिलेबी दोघांत, असं ठरलं. बोली झाली.

सकाळी आम्ही दोघं मिळून नातवाला समोर बसवलं. मी घसा साफ केला आणि जाहीर केलं की आजपासून आजी आणि आबा यांच्यात काही लपवाछपवी नाही, तेव्हा त्याचा व्यवसाय बंद.

त्याने दुधाचा पेला खाली ठेवला. मुळीच रागावला नाही. "म्हणजे आजीला तुझं ठाऊक आहे आणि तुला आजीचं?"

"हो."

त्याने मान वळवून फ्रिजवरच्या तक्त्याकडे पाहिलं. आतल्या खोलीतून सूनबाईंचा ऑफिसला निघायच्या घाईतला आवाज येत होता.

"आणि आईला?"

बायकोने कमरेचा बटवा सोडला, आत बोटं घालून चाचपलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, वीसचे सुट्टे आहेत का?"